तळ सलग नाही

माझं काम सांगायला सोपं आहे. सरकार किनाऱ्याचा नकाशा रंगवतं आणि कुठे कोणता रंग भरायचा ते ठरवण्यासाठी जमीन, पाणी, तळ, वस्ती असं सगळं कुणीतरी जाऊन मोजून आणावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. पिवळा रंग म्हणजे इथे माणसं राहतात, त्यांना उठवायचं नाही. हिरवा म्हणजे इथे कुणीच हात लावायचा नाही. जांभळा म्हणजे बंदर. आणि पांढरा म्हणजे इथलं अजून कुणी मोजलेलंच नाही. पांढरा फार दिवस पांढरा राहत नाही, पुढच्या बैठकीला तो गुपचूप जांभळा होऊन येतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या कचेरीत कॉफी आणून देणाऱ्या बाईलाही तो पाठ आहे.

तोरो सापा पांढरं होतं.

एकसष्ट घरं, सगळी भर पाण्यात लाकडी खांबांवर. आम्ही बाजो लोक जमिनीवर राहत नाही, आणि जमिनीवर नाही म्हणजे जमिनीचा कागदही नाही. मागच्या डोंगरातून निकेलची लाल माती काढायचं चाललं होतं, ती बोटींवर चढवायला कुणाला तरी धक्का हवा होता, आणि कागदावर ही जागा रिकामी दिसत होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत मोजणीची फाइल सरकारी यंत्रणेत चढली, तर तोरो सापा पिवळं होणार होतं. नाही चढली, तर गावाला उचलून डोंगरापलीकडे पत्र्याच्या चाळीत नेऊन बसवणार होते. तिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

माझा जन्म तोरो सापातला. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, वडिलांनी मला केंदारी शहरात आणलं ते कायमचंच. साहेबांना हे माहीत होतं. ‘तुला भाषा येते मार्विया, तुला ते खरं सांगतील,’ म्हणाले. माझी भाषा मोडकीतोडकी आहे, पण साहेबांना ते सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. मला जायचंच होतं. माझ्या हातून ते गाव पुसलं गेलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, भले तिथे माझं तोंड ओळखणारं कुणी नसलं तरी.

ओळखणारं एक माणूस होतं. म्बो रापिया, गावची सुईण. म्बो म्हणजे आजी, आणि ही सगळ्या गावाची. वय कुणालाच माहीत नाही. मी फळ्यांच्या पुलावरून चालत आले तेव्हा ती दारात पाय सोडून कासोआमी खात बसली होती. किसलेल्या कसावाचा वाफवलेला सुळका असतो तो, आमची भाकरी म्हणा. तिनं मान वरही न करता म्हटलं, “मार्विया, ये, जेवायला ये.”

“पोट भरलंय, म्बो.”

“भरलेलं असू दे. बोट तर लाव.”

मी वाकले आणि तिच्या ताटातल्या कासोआमीला तर्जनीचं टोक लावलं. हे मात्र शहरात राहूनही मी विसरले नव्हते. आमच्यात जेवताना समोर कुणी आलं, कुणाचं नुसतं नाव जरी तोंडी आलं, तरी ‘ये, जेवायला ये’ म्हणायचं. न म्हणणं म्हणजे त्या माणसाचं वाईट चिंतणं. आणि बोलावलेल्यानं जेवायचं नसेल तर निदान बोट लावून जायचं. नुसतं निघून गेलं की वाटेत काहीतरी होतं. काय होतं ते कुणी सांगत नाही.

माझ्यासोबत प्रास्त्यो होता. जावाचा, माझ्याच वयाचा, खोली मोजायच्या यंत्रातला मुरलेला माणूस आणि बोलण्यात तिरका. मला ‘इबू’ म्हणतो, म्हणजे बाई. घरोघरी माणसं मोजायचं काम त्यानं घेतलं आणि दोन तासांत डोकं धरून परत आला.

“इबू, तुमचे गाववाले मला वेड्यात काढतायत. घरात किती माणसं विचारलं की म्हणतात, सहा, आणि पाण्यातली सहा. शेजारी जा, चार आणि पाण्यातली चार. मी विचारलं, पाण्यातली म्हणजे मासे का? तर म्हातारी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी तिच्या घरात चपला घालून शिरलोय.”

“शिरलायत तसेच,” मी म्हटलं. “पाण्यातली म्हणजे भावंडं.”

मग त्याला सांगितलं. बाजो मूल जन्मलं की त्याच्याबरोबर आलेली वार हे त्याचं जुळं भावंड. मूल वर राहतं, भावंड पाण्यात राहतं. सुईण वार नारळाच्या करवंटीत घालून होडीतून नेते, जागा बघून सोडते आणि सांगते, ‘तू खाली, हा वर, एकमेकांना सांभाळा.’ पुढे जन्मभर माणूस पाण्यात उतरताना आधी मनात भावंडाला सांगतो. ते तळाशी असतं म्हणून आपण बुडत नाही, असं मानतात.

“फॉर्मवर सहाच लिहा,” मी म्हटलं.

“सहाच लिहिलेत. यंत्रणेत पाण्यातल्यांसाठी रकाना नाही.”

नकाशाला नुसती घरं पुरत नव्हती. आजूबाजूचं पाणीही वापरातलं आहे हे दाखवायला तिथल्या जागांची नावं लागतात. ज्या जागेला नाव आहे ती जागा कुणाची तरी आहे, एवढं सरकारलाही कळतं. नावं रापियाला ठाऊक. तिनं आधी नाही म्हटलं, नुसतीच पान चघळत बसली. मी तिला पांढऱ्या-जांभळ्याचं सगळं सांगितलं. मग ती उठली आणि म्हणाली, “आजवर कुणाला दाखवल्या नाहीत. चल.”

सकाळची ओहोटी होती. वारा इतका पडला होता की पाणी आहे की नाही ते वल्हं घातल्यावरच कळायचं. होडी चालवायला जुमारांग होता. चाळिशीचा, रुंद छातीचा, पाण्याखाली तीन-तीन मिनिटं राहणारा. पुढे रापिया, मध्ये मी आणि यंत्र, मागे तो. खाली वाळू, गवताचे पट्टे, मधूनच एखादा निळा तारामासा, सगळं हातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. आपण पाण्यावर आहोत की वर कुठेतरी टांगलेले आहोत तेच समजत नव्हतं. डोळ्यांवर झापड येत होती. रापिया बोट दाखवायची, जुमारांग वल्हं थांबवायचा, मी खूण नोंदवायची.

“ही काय जागा, म्बो?”

“सुरियानी.”

“आणि ही?”

“बाकोंग. त्याच्या पलीकडे त्याची बहीण.”

मला वाटलं होतं, खडकांची नावं असतील, मासे मिळायच्या जागा असतील. पण ती माणसांची नावं सांगत होती. पन्नासेक खुणा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. जिथे जिथे तिनं, तिच्या आईनं, आजीनं वार सोडली होती, ती एकेक जागा तिला पाठ होती. खूण म्हणून काही नाही, काठी नाही, बोया नाही. नुसतं एकसारखं पाणी, आणि ती त्यात गल्लीतून चालल्यासारखी चालली होती. मेलेल्यांच्या जागेवर ती फक्त मान हलवायची, नाव घ्यायची नाही. “ते दोघं एकदमच गेले,” एवढंच म्हणायची.

“ही माझी,” जुमारांग एका जागी मागून म्हणाला, आणि वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं, कुणाला लागू नये म्हणून धरतात तसं.

घरांच्या मागच्या अंगाला, तांबड्या गवताच्या पट्ट्याजवळ रापिया थांबली. “ही तुझी.”

मी खाली पाहिलं. वाळू. एक शिंपला. मी उगाच हात पाण्यात घातला. पाणी गार नव्हतं, गरमही नव्हतं. आपलाच दुसरा हात धरावा तेवढं ते कोमट होतं. हात काढून घ्यावासा वाटला नाही, आणि मग एकदम काढून घेतला.

“इतकी वर्षं आली नाहीस,” रापिया म्हणाली. राग नव्हता बोलण्यात. “वाट बघत असते ती.”

शाळेची एक खोली आम्हाला दिली होती. छपरावर तबकडी होती, तिच्यावर इंटरनेट रडतखडत चालायचं. संध्याकाळी प्रास्त्योनं सगळं मोजमाप पडद्यावर लावलं, मग तारा काढून पुन्हा जोडल्या.

“यंत्र बिघडलंय,” शेवटी म्हणाला. “हे काटे बघा.”

तळाची रेघ सरळ चालली होती आणि मधूनच एकदम उभी वर जाऊन पुन्हा खाली येत होती. खिळे ठोकल्यासारखे काटे. त्यानं मोजले, तीनशे सात. मी माझ्या नावांची यादी काढली. गावात राहणारे, कामाला परगावी गेलेले आणि मी, असे सगळे जिवंत धरून तीनशे सात. मेलेल्यांच्या जागी काटा नव्हता.

“योगायोग,” तो म्हणाला.

“असणार.”

आम्ही दोघंही मापावर पोट भरणारी माणसं. दुसऱ्या दिवशी उजाडताच जुमारांगला घेऊन पुन्हा गेलो. त्याच्या जागेवर मी शिशाचा गोळा दोरीनं खाली सोडला. गोळा वाळूत टेकला, दोरी सांगत होती तीन मीटर नव्व्याण्णव. यंत्र सांगत होतं दोन मीटर एकतीस. खाली काही नव्हतं. मी डोळे फाडफाडून पाहिलं, काही नव्हतं. वजाबाकी एक मीटर अडुसष्ट.

शाळेच्या भिंतीला टेकवून प्रास्त्योनं जुमारांगला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली. एक मीटर अडुसष्ट.

“शिंप्याकडे आणलंय की काय मला,” जुमारांग हसला. आम्ही हसलो नाही.

मग आम्ही बसूनच काढलं. सुरियानीचा काटा एक बावन्न, सुरियानी एक बावन्न. तीन आठवड्यांच्या तान्ह्या पोरीचा काटा बावन्न सेंटिमीटर. तिच्या आईनं तिला पट्टीवर निजवू दिलं आणि कौतुकानं बघत राहिली. माझा काटा एक मीटर चोपन्न. मला माझी उंची मोजायची गरज नव्हती.

“एक कमी आहे,” प्रास्त्यो हळूच म्हणाला. “सकाळच्या फेरीत तीनशे सहाच आलेत. हा बघा, काल होता, आज नाही.”

मी यादी पाहिली. हासिम. सुरियानीचा मोठा मुलगा, दोन वर्षांपासून समुद्रापलीकडे तवाउला पाम तेलाच्या मळ्यात होता. त्याच्या आईला हे कसं सांगणार? बाहेर फळ्यांवर सुरियानी मासे वाळत घालत होती, गाणं गुणगुणत होती. दुपारी तिचा फोन वाजला. तिथल्या मुकादमाचा होता.

तिचं रडणं सबंध गावात पाण्यावरून फिरत राहिलं. रापिया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “तुझ्या पेटीला आधी कळलं,” म्हणाली. “चांगली पेटी आहे.”

सोमवारी सकाळी नऊला फाइल चढवली. यंत्रणेनं ती परत फेकली. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ, ‘तळ सलग नाही’. पुन्हा चढवली. पुन्हा तेच. साहेबांना फोन लावला.

“काटे आलेत? मग साफ करून पाठव ना,” ते म्हणाले. “नवीन आहेस का? प्रत्येक मोजणीत कचरा येतो, आपण काढतो. बारा वाजता दार बंद होतं मार्विया, मग मी काही करू शकत नाही.”

साफ करणं म्हणजे काही मोठं नाही. काट्यावर बाण न्यायचा, कळ दाबायची, रेघ सरळ होते. हजारो वेळा केलंय. पण हासिमचा काटा गेला होता आणि हासिम गेला होता. मग काटा आधी काढला तर? काढले नाहीत तर गाव जांभळं, आणि काढले तर काय, ते सांगणारं कुणी नाही. एकच माणूस होतं.

रापियाला मी सगळं सांगितलं. ती पान चघळत ऐकत होती. मग एवढंच विचारलं, “काढलंस तर गाव राहील?”

“राहील.”

“मग काढ. कागदावरनं काढतेयस, पाण्यातनं नाही. पण न सांगता काढू नकोस. एकेकाचं नाव घे आणि सांग, खूण पुसतेय, जागा तुझीच आहे, तिथंच राहा. सांगितलं की ऐकतात ती. साधी असतात.”

निघताना तिनं माझ्या हातात कासोआमीचं पुडकं आणि वर सुका मासा ठेवला. “सकाळपासून उपाशी आहेस. खाऊन घे.”

पहिला काटा मी माझा काढला. दुसऱ्या कुणावर प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. “मार्विया,” मी स्वतःचंच नाव घेतलं, “खूण पुसतेय. जागा तुझीच. तिथंच राहा.” आणि कळ दाबली. कानांत टपकन काहीतरी सुटलं, खोल बुडी मारून वर आल्यावर सुटतं तसं. बाकी काही नाही. दहा मिनिटं नाडी धरून बसले. जिवंत होते. जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर भूकही लागली.

साडेदहा वाजले होते. तीनशे पाच राहिले होते.

मी पुडकं उघडून ताटात काढलं आणि शेजारी ठेवलं. एका हातानं खात होते, दुसऱ्या हातानं बाण हलवत होते. बाकोंग, खूण पुसतेय, जागा तुझीच, तिथंच राहा. जुमारांग, खूण पुसतेय. बाहेर ऊन पाण्यावर पडून छताला हलणारी जाळी पसरली होती, ती खोलीभर फिरत होती, माझ्या हातावरून, ताटावरून. नाव, कळ, घास. नाव, कळ, घास. आपण झोपेत आहोत आणि दुसरंच कुणीतरी माझ्या तोंडानं बोलतंय असं वाटायला लागलं. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

बाराला सात मिनिटं असताना शेवटचा काटा गेला. तान्हीचा, बावन्न सेंटिमीटरचा. रेघ काचेसारखी सपाट झाली. फाइल चढली. हिरवं अक्षर उमटलं, ‘स्वीकारली’.

प्रास्त्योनं खुर्ची मागे ढकलली आणि आळस दिला. “सुटलो एकदाचे. पण इबू, एवढ्या सगळ्यांना जेवायला बोलावलंत, रांधणार कोण?”

“काय?”

“अहो, सुरुवातीला दहा-बारा जणांना ते खूण-बिण सांगत होतात. नंतर घास तोंडात आणि ज्याचं नाव येईल त्याला ‘ये, जेवायला ये’. शेवटपर्यंत तेच. मध्येच ती पहिली दहा-बारा नावंही पुन्हा घेतलीत, तुमचं स्वतःचंसुद्धा. मी म्हटलं, चला, गावजेवण आहे आज.”

मी पण हसले. काय करणार? जेवताना नाव तोंडी आलं की जीभ आपोआप वळते, ते माझ्या हातात नाही. मी ताटाकडे पाहिलं. थोडी कासोआमी उरली होती. ती कागदात गुंडाळली आणि आम्ही दुपारच्या बोटीनं निघालो.

नकाशा तीन महिन्यांनी छापून आला. तोरो सापा पिवळं. पिवळाधमक चौकोन, त्याच्या चारी बाजूंना जागांची नावं, बारीक अक्षरांत. धक्का दुसरीकडे गेला. मी ती प्रत गुंडाळून स्वतः न्यायला निघाले. खरं सांगते, मला कौतुक करून घ्यायचं होतं.

गावात सगळं ठीक होतं. माणसं हसली, जुमारांगनं नकाशा उलटासुलटा धरून पाहिला, सुरियानीनं मला मिठी मारली. फक्त मी पुलावरून चालले तेव्हा फळ्या करकरत होत्या. पूर्वी एवढ्या करकरत नव्हत्या. माझ्या पुढे कुणी नव्हतं, तरी पुढची फळी आधी वाकायची, मग माझ्या पायाखालची.

पाण्यात कुणी डुंबत नव्हतं. एकही होडी बाहेर गेलेली नव्हती.

“बुडी मारायला जात नाहीस?” मी जुमारांगला विचारलं.

त्यानं खाली बघितलं. “खाली कुणी नाहीय,” म्हणाला. “एकट्यानं कसं उतरायचं?”

माझ्याकडे टेप होतीच, ती असतेच. मोजणीच्या वेळी, ओहोटीच्या पाण्यापासून घरांच्या फळ्यांपर्यंत उंची मी घेतली होती, दोन मीटर चाळीस. आता तीच ओहोटी, तेच घर, दोन मीटर एकोणतीस. पुढचं घर, दोन एकोणतीस. मी एकसष्टच्या एकसष्ट घरं मोजली. खांब वाळूत अकरा सेंटिमीटर आत गेले होते. अंगावर दुप्पट ओझं आल्यावर जातील तेवढे. उरलेल्या उंचीला अकरानं भागायला मला काही वेळ लागला नसता, पण तो भागाकार मी केला नाही.

रापिया दारात पाय सोडून बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. घास, नावं, आवतण, सगळं.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “त्याच दुपारी कळलं. मागच्या आठवड्यात लामासीच्या घरी मुलगा झाला. वार नेऊन सोडली, नीट सांगितलं, तू खाली, हा वर. होडी वळवून घरी आले तर करवंटी माझ्या आधी पायरीला लागलेली. तीन वेळा सोडली. आता खाली राहायला कुणी तयार नाही ग.”

“मग त्यांना परत जा म्हणून सांगायचं ना, म्बो. तू सांग. तुझं ऐकतील.”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी माझ्या आईनं टाकली असती.

“जेवायला बोलावलेल्या माणसाला जा म्हणायचं? कोणत्या तोंडानं?”

मी खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही. पिवळा रंग मीच आणला होता.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “रडू नकोस. गाव हललं नाही, हेच हवं होतं ना आपल्याला? जाईल खाली हळूहळू. घाई कुणाला आहे?” आतून कुणीतरी ताटं मांडल्याचा आवाज आला. ती घरात एकटी राहते. “बघ, तुझ्यासाठी बांधून ठेवलंय. ने.”

ते पुडकं मी केंदारीला आणलं. माझं घर समुद्रापासून चार किलोमीटरवर, डोंगराच्या चढाला, पक्क्या विटांचं आहे. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मी कासोआमी ताटात काढली, टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

परत आले तर ताट तिथेच होतं. कासोआमीला एका बाजूनं खळी पडली होती, एका बोटाच्या टोकाएवढी. तिच्यात थेंबभर पाणी होतं. चाखलं, खारट होतं.

मी माझी तर्जनी त्या खळीत ठेवली. बरोबर बसली.

मी दुसरं ताट काढलं.